दप्तर जळलं की कोण नाहीसं होतं?

राजा सहसा पूर्णपणे पुसला जात नाही. त्याचं दप्तर जळलं तरी शेजारच्या दरबारांत त्याची पत्रं असतात, नाण्यांवर नाव असतं, शत्रूने लिहून ठेवलेल्या हकिगतीतही तो सापडतो. शेतात राबणाऱ्या बाईचं तसं नाही. तिचं नाव आयुष्यात चार-दोनदाच कागदावर येतं: जन्मली तेव्हा, लग्न झालं तेव्हा, कधी कर थकला किंवा वाटणीचा दावा लागला तेव्हा, आणि मेली तेव्हा. हे सगळे कागद बहुधा एकाच कचेरीत असतात. ती कचेरी जळली, तळघरात पाणी शिरलं किंवा कोणी जागा मोकळी करायला जुन्या वह्या रद्दीत काढल्या, की त्या बाईपर्यंत पोहोचायचा रस्ताच बंद होतो.

म्हणून स्थानिक कारभाराची कागदपत्रं नाहीशी होतात तेव्हा सगळ्यांचा इतिहास सारखा बुडत नाही. ज्यांची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती ते आधी जातात. आणि उरलेल्या कागदांवरून पुढे जो इतिहास लिहिला जातो, तो लिहिणाऱ्याच्या नकळत उरलेल्यांच्या बाजूला कलतो. हे कसं घडतं, आणि अभ्यासक त्यातून वाट कशी काढतात, ते जरा सविस्तर पाहू.

या वह्यांत असतं काय?

नगरपालिका, तालुका किंवा जिल्ह्याची कचेरी, खालचं न्यायालय, नोंदणी कार्यालय. अशा ठिकाणी रोजच्या कामातून कागद साठत जातात. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या, खरेदीखतं, गहाणखतं, मृत्युपत्रं, करवसुलीच्या याद्या, सभांची इतिवृत्तं, दुकानांचे परवाने, इमारतींचे नकाशे, शाळांचे हजेरीपट, किरकोळ फौजदारीचे निकाल.

यातलं काहीच इतिहासासाठी लिहिलेलं नसतं, आणि त्यांचं मोल त्यातच आहे. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला आपण पुढच्या पिढीला कसे दिसू याची काळजी असते. कराची यादी करणाऱ्या कारकुनाला ती नसते. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात घराच्या खिडक्यांवर कर होता, म्हणून कारकून खिडक्या मोजत आणि लिहून ठेवत. त्यांना फक्त कर हवा होता. आज त्याच याद्यांवरून कोणत्या रस्त्यावर कोण किती ऐपतीचं होतं, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरी गोष्ट सलगतेची. एकट्या जन्मनोंदीतून एका माणसाची तारीख कळते. शंभर वर्षांच्या सलग वह्यांतून बालमृत्यू कधी कमी झाले, मुलींची लग्नं कोणत्या वयात होत, दुष्काळानंतर किती कुटुंबं गाव सोडून गेली हे कळतं. मधली दहा वर्षं गेली की हिशेब तिथेच तुटतो. आणि ही दहा वर्षं बरेचदा सर्वांत महत्त्वाची असतात. साथ येते तेव्हा नोंद करणाराही आजारी पडतो, मरतो किंवा पळून जातो. मृत्यू सर्वांत जास्त होत असताना नोंदी सर्वांत तुटक असतात.

एका काउंटीच्या वह्या उरल्या म्हणून

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. तिथे काउंटी म्हणजे साधारण जिल्हा, आणि जमीन, वारसा, कर, तंटे असं सगळं काउंटी न्यायालयाच्या वह्यांत नोंदलं जाई. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात समुद्राकडच्या भागातल्या अनेक काउंट्यांनी आपली दप्तरं राजधानी रिचमंडला हलवली. सैन्याच्या वाटेवरच्या न्यायालयापेक्षा राजधानी सुरक्षित, हा विचार अगदी रास्त होता. ३ एप्रिल १८६५ रोजी देशातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं सैन्य रिचमंड सोडून गेलं, जाताना लावलेली आग शहरभर पसरली आणि सुरक्षित म्हणून आणलेली दप्तरं तिच्यात गेली. जेम्स सिटी, हॅनोव्हर, ग्लॉस्टर अशा जुन्या काउंट्यांचे कित्येक वर्षांचे कागद त्यात होते. इटलीतही असंच घडलं. दुसऱ्या महायुद्धात नेपल्सच्या अभिलेखागाराने आपला सर्वांत मौल्यवान ठेवा बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी शहराबाहेरच्या एका वाड्यात नेला, आणि ३० सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन सैनिकांनी तो वाडाच पेटवला. विखुरलेला धोका टाळायला म्हणून सगळं एका ठिकाणी आणलं की धोकाही एका ठिकाणी गोळा होतो.

आता जेम्स सिटी काउंटीकडे बघा. उत्तर अमेरिकेतली इंग्रजांची पहिली कायमची वसाहत, १६०७ चं जेम्सटाउन, याच काउंटीत. इतकी महत्त्वाची जागा, आणि तिच्या न्यायालयाच्या जुन्या वह्या नाहीत. याउलट खाडीपलीकडच्या नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या वह्या १६३२ पासून सलग टिकल्या आहेत. त्यांतून अँथनी जॉन्सन नावाचा माणूस आपल्याला भेटतो. १६२१ साली व्हर्जिनियात आणलेला हा आफ्रिकन सुरुवातीच्या कागदांत नुसता 'अँटोनिओ' आहे. पुढे तो मोकळा झाला आणि १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर जमीन झाली. १६५३ मध्ये आगीत त्याचं मोठं नुकसान झालं, तेव्हा न्यायालयाने त्याच्या बायकोला आणि मुलींना कर माफ केला. १६५५ मध्ये तर जॉन कॅसर नावाच्या दुसऱ्या आफ्रिकन माणसावर आजन्म हक्क सांगणारा दावा त्याने जिंकला. गुलामगिरी त्या काळात अजून कशी घडत होती, तिच्या सीमा किती धूसर होत्या, हे समजून घेताना इतिहासकार पुन्हा पुन्हा या एका काउंटीकडे वळतात.

वळणारच, कारण कागद तिथे आहेत. पण मग प्रश्न उरतो: जॉन्सन अपवाद होता की इतरत्रही त्याच्यासारखे लोक होते? ज्या काउंट्यांची दप्तरं गेली तिथलं उत्तर मिळत नाही. वाचलेल्या वह्यांची काउंटी मग आपोआप त्या काळाचा नमुना ठरते. हा परिणाम जळलेल्या कागदांपेक्षा कमी दिसतो, पण माझ्या मते जास्त खोल आहे. जे गेलं त्याची हळहळ सगळ्यांना असते. जे उरलं ते प्रातिनिधिक नाही, ही आठवण मात्र मुद्दाम ठेवावी लागते.

ती आठवण ठेवणारेही असतात. इंग्लंडची १५४१ ते १८७१ ची लोकसंख्या कशी बदलली हे केंब्रिजच्या अभ्यासकांनी चर्चच्या स्थानिक नोंदवह्यांवरून काढलं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर. इंग्लंडमध्ये अशी पॅरिशं सुमारे १०,००० होती. चांगल्या, सलग वह्या असलेली ४०४ त्यांनी घेतली. त्यांत लंडन नव्हतं. लहान पॅरिशं प्रमाणापेक्षा कमी आली होती, म्हणून आकड्यांमध्ये तशी दुरुस्ती करून घेतली गेली. कुठले कागद हाताशी नाहीत हे आधी मोजून मग निष्कर्षाला हात घालायचा, ही शिस्त या कामाने पुष्कळांना शिकवली.

व्हर्जिनियासारख्या राज्यांत या नुकसानीची आणखी एक बाजू आहे. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या आणि त्यांत जवळजवळ सर्वत्र नावं नव्हती. मालकाचं नाव, त्याखाली वय, लिंग आणि वर्ण, एवढंच. नावानिशी सगळ्यांची नोंद झाली ती १८७० मध्ये, मुक्ततेनंतर. त्याआधीची नावं कुठे मिळतात? मालकाच्या मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत, गहाणखतात, वाटणीच्या खटल्यात, म्हणजे थेट काउंटीच्या दप्तरात. मालकांची घराणी पत्रांतून, वर्तमानपत्रांतून, थडग्यांवरून शोधता येतात. त्यांनी ज्यांना गुलाम म्हणून ठेवलं त्यांच्यासाठी बहुतेक वेळा तो एकच कागद होता. पूर्वज शोधणारी कृष्णवर्णीय कुटुंबं '१८७० च्या भिंती'बद्दल बोलतात. काउंटीचं दप्तर जळलेलं असेल तर ती भिंत ओलांडणं फारच अवघड होऊन बसतं.

डब्लिन, ३० जून १९२२

स्थानिक कागद मध्यवर्ती इमारतीत गोळा करण्याचा सर्वांत मोठा फटका आयर्लंडला बसला. १८६७ च्या कायद्याने डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या परिसरात सार्वजनिक अभिलेख कार्यालय उभं राहिलं. देशभरातल्या न्यायालयांचे कागद, मूळ मृत्युपत्रं, प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो पॅरिशांच्या जन्ममृत्यूच्या वह्या आणि जनगणनेचे घरोघरचे तक्ते तिथे आले. १९२२ मध्ये आयर्लंडचं यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनशी झालेला करार न मानणारे सैनिक या परिसरात ठाण मांडून होते आणि अभिलेखांच्या इमारतीत दारूगोळा होता. २८ जूनला तोफा सुरू झाल्या. ३० जूनला स्फोट झाला, आग लागली, आणि सात शतकांचे कागद राख झाले. जळके कपटे शहरावर उडत राहिले.

यातलं एकच उदाहरण घेऊ. १८४५ पासून काही वर्षं आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून भीषण दुष्काळ पडला. १८४१ ला लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ ला सुमारे ६६ लाख. हे आकडे आपल्याकडे आहेत, कारण जनगणनेचे छापील अहवाल टिकले. गेले ते घराघराचे तक्ते. १८५१ च्या तक्त्यात १८४१ नंतर घरातलं कोण कोण वारलं आणि कोण परगावी आहे हेही विचारलेलं होतं. म्हणजे दुष्काळात मेलेल्यांची, त्यांच्याच घरच्यांनी सांगितलेली, घरवार यादी देशाकडे होती. तिचे आता थोडे तुकडे उरले आहेत. एकूण किती माणसं कमी झाली ते कळतं, कुठल्या घरातली कोण ते कळत नाही.

सगळा दोष आगीला देऊनही चालणार नाही. १८६१ आणि १८७१ चे तक्ते कामापुरते वापरून सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यासाठी गेले. स्फोटाची तारीख लक्षात राहते. कचेरीत सही होऊन गेलेल्या गठ्ठ्यांची कोणाला आठवण नसते. आयर्लंडची संपूर्ण हाती लागणारी पहिली जनगणना म्हणून १९०१ ची.

अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचंही आग आणि सही असं दोन्ही मिळून झालं. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये तळघराला आग लागली. साधारण चौथा हिस्सा जळाला, बराच भाग पाण्याने आणि धुराने खराब झाला. उरलेलं वाचवण्याऐवजी ते नष्ट करायला १९३३ मध्ये परवानगी मिळाली. १८८० आणि १९०० च्या मधली वीस वर्षं, म्हणजे युरोपातून लोंढे येत होते आणि शहरं फुगत होती तो काळ, घरोघरच्या नोंदींशिवाय राहिला. १८८० नंतर जन्मून १९०० आधी वारलेलं मूल कुठल्याच राष्ट्रीय जनगणनेत सापडत नाही. आधीच्या कित्येक जनगणनांची एक प्रत काउंटीच्या कचेरीत ठेवली जाई. १८९० ला तशी सक्ती नव्हती.

दोन प्रती, दोन्ही एकाच शहरात

प्रत ठेवण्याची कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची नोंद ठेवायची होती. १५९८ पासून दरवर्षीची नक्कल बिशपकडे पाठवायची प्रथा आली. पॅरिशच्या वहीला वाळवी लागली किंवा ती भिजली, तर आजही अभ्यासक आधी बिशपकडची नक्कल मागवतो. फ्रान्समध्ये १६६७ च्या राजाज्ञेपासून वही दुहेरी लिहायची पद्धत होती. पुढे १७९२ मध्ये नोंदणी चर्चकडून नगरपालिकांकडे आली तरी ती पद्धत टिकली. एक प्रत गावात, दुसरी न्यायालयात. फ्रान्सभर तिने फार चांगलं काम केलं.

पॅरिसमध्ये मात्र एक प्रत नगरभवनात होती आणि दुसरी न्यायप्रासादात, दोन्ही इमारती एकमेकींच्या जवळ. मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरात उभ्या राहिलेल्या बंडखोर सत्तेच्या, शेवटच्या आठवड्यात दोन्ही पेटल्या. १८६० पूर्वीच्या सुमारे ८० लाख नोंदी दोन्ही प्रतींसकट गेल्या.

पुढचं काम मात्र अभ्यासण्याजोगं आहे. १८७२ मध्ये कायदा करून आयोग नेमला गेला. लोकांना सांगितलं गेलं की घरात जे काही असेल ते आणा: जुने दाखले, लग्नाचे करार, वारशाचे कागद. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि दस्त लिहिणाऱ्या नोटरींचे संग्रह चाळले गेले. पंचवीसेक वर्षांत साधारण एक तृतीयांश नोंदी पुन्हा उभ्या राहिल्या.

पण हा तिसरा हिस्सा कोणाचा असेल? ज्यांना १८७२ नंतर दाखल्याची गरज पडली त्यांचा, ज्यांच्या घरात कागद जपून ठेवायला पेटी होती त्यांचा, ज्यांचे वारस पॅरिसमध्ये होते त्यांचा. पाळण्यात गेलेली बाळं, एकट्याने शहरात येऊन मेलेले मजूर, मागे कोणी न उरलेल्या मोलकरणी यांच्या वतीने कागद घेऊन कोण येणार? पुनर्रचना झालेल्या नोंदींवरून जुन्या पॅरिसमधलं सरासरी आयुर्मान काढायला गेलात तर आकडा फसवा येईल. दुरुस्त केलेल्या दप्तरातही कल असतो, आणि तो पहिल्या नुकसानीच्याच दिशेने असतो.

मुद्दाम जाळलेले कागद

इथे थोडं थांबून उलट बाजूही पाहायला हवी. दप्तर नेहमीच गरिबाच्या बाजूचं नसतं. १३८१ मध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा जमीनदारांच्या न्यायालयांचे लेखपट शोधून जाळले, कारण त्यांची वेठ आणि बंधनं तिथेच लिहिलेली होती. १७८९ मध्ये फ्रान्सच्या खेड्यांतही तेच झालं. एखाद्या जहागिरीचे लेख १३८१ च्या आसपासच सुरू होत असतील तर अभ्यासकाला ती रिकामी जागाही काही सांगते: तिथे बंड पोहोचलं असावं.

२७ मार्च १९४३ ला ॲमस्टरडॅमच्या प्रतिकार गटाने शहराच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयावर हल्ला केला. डच नगरपालिकांच्या नोंदी अतिशय काटेकोर होत्या. त्यात धर्मही लिहिलेला असे, आणि नाझी त्यांवरून ज्यूंना हुडकत होते. खोटी ओळखपत्रंही या नोंदींशी ताडून पकडली जात. हल्ल्यात कार्डांचा काही भागच नष्ट झाला. चित्रकार आणि लेखक विलेम अरोंडेयस याच्यासह बारा जणांना पुढे गोळ्या घातल्या गेल्या. इतिहासाचा अभ्यास मला कितीही प्रिय असला तरी त्या कार्डांसाठी हळहळ वाटत नाही. चांगली नोंद ही सत्तेच्या हातातली वस्तू आहे, हे या विषयावर बोलताना कोणी विसरू नये.

वाट कशी काढतात

अभ्यासकाचा पहिला प्रश्न असा असतो: हा कागद कधी लिहिलाच गेला नव्हता, लिहून नष्ट केला गेला, अपघाताने गेला, की नुसता चुकीच्या कपाटात आहे? चारही शक्यतांचे अर्थ वेगळे. 'आगीत गेलं' हे उत्तर कचेऱ्या फार सहज देतात. कितीदा आग एका दालनाला लागलेली असते आणि दुसऱ्या दालनातल्या वह्या नंतरच्या बदलाबदलीत कुठेतरी पडलेल्या असतात. दोन नगरपालिका एक झाल्या, जिल्ह्याची हद्द बदलली, कचेरी नव्या इमारतीत गेली, की जुन्या गठ्ठ्यांना वाली राहत नाही.

दुसरं काम, त्याच माहितीचा दुसरा प्रवास शोधायचा. कागद एका कचेरीत जन्मतो पण त्याची माहिती फिरत असते. आयर्लंडमध्ये १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पेन्शन सुरू झाली. वयाचा पुरावा हवा, पण जन्माची सरकारी नोंद तिथे १८६४ ला सुरू झालेली. मग म्हातारी माणसं अर्ज करत: १८४१ किंवा १८५१ मध्ये मी अमक्या वाडीत, अमक्या आईबापांच्या घरी होतो, जनगणनेत बघा. कारकून तक्ते शोधून काय सापडलं ते अर्जावर लिही. मूळ तक्ते १९२२ मध्ये जळाले, हे अर्ज उरले. कित्येकांवर त्या कुटुंबाची माणसं आणि वयं उतरवलेली आहेत. दुष्काळाआधीच्या आणि नंतरच्या जनगणनेतली हजारो घरं आज आपल्याला या वाटेने दिसतात. इथेही मर्यादा आहे. सत्तरीपर्यंत जगलेल्या आणि आयर्लंडमध्येच राहिलेल्या माणसांचेच हे अर्ज. दुष्काळात मेलेले आणि जहाजाने निघून गेलेले यात आले तर कोणाचे तरी भाऊबहीण म्हणून.

व्हर्जिनियात न्यायालयाचे खटले असेच कामी येतात. जळलेल्या काउंटीतलं मृत्युपत्र शेजारच्या काउंटीतल्या वाटणीच्या दाव्यात पुरावा म्हणून जोडलेलं असतं. तिथल्या राज्य ग्रंथालयाने अशा सुट्या नकला गोळा करून, कागद गमावलेल्या काउंट्यांसाठी खास सूची केली आहे. भांडकुदळ वारसांचे इतिहासावर उपकार आहेत, हे मी मनापासून म्हणतो. १८७१ च्या शिकागोच्या आगीत काउंटीच्या जमिनीच्या सगळ्या नोंदी गेल्या, तेव्हा मालकी सिद्ध करायला खासगी पेढ्यांच्या वह्या उपयोगी पडल्या. जमिनीच्या व्यवहारांचे गोषवारे काढून विकणं हा त्या पेढ्यांचा धंदा होता आणि आगीतून त्यांनी आपल्या वह्या वाचवल्या होत्या. १८७२ मध्ये राज्याने जळालेल्या नोंदींसाठी वेगळा कायदा केला.

कागद हाती लागला म्हणजे काम झालं असंही नाही. ३ मार्च २००९ ला जर्मनीतलं कोलोन शहराचं अभिलेखागार शेजारच्या भुयारी रेल्वेच्या कामामुळे कोसळलं. दोघांचा जीव गेला. रांगेत मांडले तर सुमारे ३० किलोमीटर भरतील इतके कागद ढिगाऱ्यात आणि भूजलात गेले. सर्वांत जुना दस्त इ.स. ९२२ चा होता, आणि हा सगळा संग्रह दुसऱ्या महायुद्धातून सुखरूप बाहेर आलेला. साधारण ९५ टक्के सामग्री बाहेर काढता आली. ओले कागद दोनेक दिवसांत बुरशी धरतात, म्हणून ते गोठवून नंतर निर्वातात सुकवावे लागतात. पण खरी अडचण क्रमाची आहे. कोणता तुकडा कोणत्या फायलीतला? 'मंजूर' अशा शेऱ्याचा कागद सापडला, पण काय मंजूर झालं, कोणाचं, कोणत्या साली, हे त्याच्या शेजारच्या पानावर होतं. अभिलेखशास्त्रात मूळ क्रम जपण्याला एवढं महत्त्व देतात ते म्हणूनच. २०२१ मध्ये नवी इमारत उघडली, आणि जोडाजोडीचं काम अजून अनेक वर्षं चालणार आहे. जुन्या संग्रहाच्या काही भागाच्या मायक्रोफिल्म फ्रायबुर्गजवळच्या एका बंद खाणीत आधीपासून ठेवलेल्या होत्या. मूळ पान हरवलं असेल तिथे निदान त्याची छबी आहे.

आज काय हरवतंय

सगळं ठेवणं शक्य नाही हे मान्य करायला हवं. प्रत्येक पावती जपायची तर कचेरीला कामाला जागा उरणार नाही. म्हणून कुठला कागद किती वर्षं ठेवायचा याचे नियम असतात, आणि ते असावेत. चूक होते ती निवडताना. आज जमिनीचे आणि पैशांचे कागद मोलाचे वाटतात, बालगृहातल्या मुलाची फाइल किरकोळ वाटते. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये, संस्थांमध्ये वाढलेल्या आणि तिथे छळ सोसलेल्या लोकांची देशाच्या वतीने माफी मागितली. त्यांतल्या अनेकांनी आपली आई कोण, भावंडं किती, आपल्याला तिथे का ठेवलं हे शोधायला फाइल मागितली होती. ती नष्ट झालेली होती किंवा सापडत नव्हती. इतिहासकाराचं नुकसान इथे दुय्यम आहे.

संगणकावरच्या नोंदींबद्दल लोक निर्धास्त असतात, आणि ते मला काळजीचं वाटतं. कागद दुर्लक्ष सोसतो. कोरड्या खोलीत शंभर वर्षं कोणी हात लावला नाही तरी तो वाचता येतो. डिजिटल नोंद दुर्लक्ष सोसत नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचं कंत्राट संपलं, नव्या प्रणालीत जुनी माहिती अर्धीच आली, फाइल उघडणारा प्रोग्रॅम बंद पडला, पासवर्ड ठेवणारा माणूस निवृत्त झाला, की दहा वर्षांची इतिवृत्तं धूर न होता जातात. नष्ट झाल्याचं कळतही नाही, कारण जळका वास येत नाही आणि कपाट रिकामं दिसत नाही. कागद स्कॅन झाला म्हणून मूळ वही रद्दीत काढणाऱ्या कचेऱ्यांनी हा धोका स्वतःच्या हाताने दुप्पट केलेला असतो.

उपायांपैकी सर्वांत स्वस्त उपाय डब्लिननेच दाखवला, तोही नकळत. तिथल्या अभिलेख कार्यालयातले अधिकारी हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्ये, स्फोटाच्या तीन वर्षं आधी, संग्रहात काय काय आहे याची तपशीलवार मार्गदर्शिका छापली. इमारत गेली, मार्गदर्शिकेच्या प्रती बाहेर होत्या. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, ट्रिनिटी कॉलेजने आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या अभिलेखागारांसह जळालेल्या संग्रहाची डिजिटल पुनर्रचना लोकांसाठी खुली केली. नकला, उतारे, परदेशी गेलेल्या प्रती जगभरातून गोळा होत गेल्या, आणि त्या कुठे बसवायच्या हे ठरवताना वुड यांची सूची हाताशी होती. काय हरवलं हे नेमकं माहीत असल्यानेच काय शोधायचं ते कळलं.

म्हणून आपल्या गावच्या, शहरच्या कचेरीकडे इतिहासप्रेमी मंडळींनी पहिली मागणी करावी ती संग्रहाच्या सूचीची: कोणत्या वह्या, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कुठल्या खोलीत. दुसरी मागणी, जे नष्ट केलं त्याच्या यादीची, तारखेसह आणि कोणाच्या आदेशाने केलं त्यासह. या दोन्ही याद्यांची एकेक प्रत दुसऱ्या गावातल्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात द्यावी. घरोघरी जुन्या खरेदीखतांच्या, दाखल्यांच्या, खटल्यांच्या नकला असतात. त्यांचे फोटो काढून, कोणाच्या घरचे आणि कशाबद्दलचे एवढी टीप जोडून तिथेच जमा करावेत. हे काम कचेरी शाबूत असतानाच होतं. नंतर पॅरिससारखा आयोग नेमावा लागतो, आणि तोही तिसरा हिस्साच परत आणू शकला होता.